फ्लोराबाईंचे तीन सल्लागार

१

पाहुणी म्हणून आलेल्या थेक्ला वुरीचा पलंग रिकामा होता. चादर ताणून घातलेली, उशी जागच्या जागी, आणि तिची तपकिरी बॅग गायब.

"गेली वाटतं," दारात उभा असलेला, फ्लोराचा भाचा याकुमिस म्हणाला. "पहाटे एखाद्या कोळ्याची होडी सुटली असेल, बसली असेल तिच्यात."

अनेझानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. उभी हयात पिरेयसच्या बंदर पोलिसात काढलेल्या बाईला असलं सांगायचं म्हणजे कमालच होती. उत्तरेचा वारा असा चवताळला होता की किमोलोस बेटाच्या बंदरात परवापासून एक फळकूटसुद्धा हललं नव्हतं. अथेन्सची बोट रद्द, मिलोसची फेरी रद्द. बेटावरचा एकुलता पोलीस दात दाखवायला मिलोसला गेला होता, तो तिकडेच अडकला होता. जी माणसं बेटावर होती ती बेटावरच होती.

"वहिनी, अंगणात पाहिलंत?"

"अंगणात कशाला जाईल या वाऱ्यात?" अनेझाची भावजय फ्लोरा म्हणाली. तिचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा ओढलेला होता.

अनेझा अंगणात गेली. अंजिराचं झाड वाऱ्यानं पार वाकलं होतं. भिंतीला टेकून फ्लोराचा मोठा मातीचा रांजण उभा होता आणि त्यात तिचं लाडकं जिरेनियम. झाड वर्षानुवर्षं उन्हाकडे झुकत आलं होतं; सगळी पानं, सगळी फुलं एकाच अंगाला. आज ती सगळी पांढऱ्या भिंतीत तोंड खुपसून उभी होती.

रांजण कुणीतरी हलवला होता. आणि रांजणाच्या खाली पावसाच्या पाण्याच्या टाक्याचं लोखंडी झाकण होतं.

"याकुमिस! मेनेलाओस! इकडे या! बाई टाक्यात आहे!"

घर धडाधडा बाहेर आलं. विम्याचा एजंट मेनेलाओस वोत्सिस दारातूनच मागे वळला आणि बोळात टांगलेलं, फ्लोराच्या नवऱ्याचं जुनं लाइफ जॅकेट आणि दोर घेऊन धावत आला. "बुडाली असेल, देवा, बुडाली असेल!" असा त्याचा जप चालला होता. तो आणि याकुमिस, दोघांनी मिळून रांजणाला खांदा लावला, तेव्हा कुठे तो हलला. पायरीवरून अथेन्सचे साहेब, फेदोन लिवेरिस, ओरडत होते, "शिडी आणा! शिडी कुठे असते?"

झाकण उघडलं. अनेझानं बॅटरी आत मारली.

पाणी नव्हतं. कोरड्या तळाशी थेक्ला कुशीवर पडली होती. शेजारी तिची बॅग. आणि तिच्या अंगावर, गळ्यापर्यंत नीट ओढलेली, एक घोंगडी.

घोंगडी हलत होती. बाई श्वास घेत होती.

२

दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, डोक्याला मार आहे, खुब्याचं हाड मोडलंय, अंग गारठलंय. मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. पण या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही.

"शुद्धीवर येईल?"

"येईलही. नाहीही. वारा पडू दे, एवढीच प्रार्थना करा."

अनेझा चढण चढून परत आली तेव्हा फ्लोरा स्वयंपाकघरात बसली होती. समोर कॉफी थंडगार.

"वन्सं, पडली असेल हो ती. अंधारात पाय घसरला असेल."

"आणि पडल्यावर झाकण लावून वर रांजण कुणी ठेवला? तिनंच?"

फ्लोरानं कप दूर सारला. मग एकदम म्हणाली, "तुमच्या भावाची ती समुद्राकाठची जमीन विकली नसती तर बरं झालं असतं. पैसा बँकेत आला आणि मी या घरात कोंडल्यासारखी झाले. पाववाला सल्ला देतो, पाद्रीबाबा सल्ला देतात. ज्याला त्याला माझं भलं करायचंय. भलं करणाऱ्यांनी घेरून टाकलंय मला. म्हणून म्हटलं, रीतसर एक शहाणा माणूस नेमावा, त्याचं ऐकावं, बाकीच्यांना दार लावावं. त्यातून हे!"

अनेझाला परवाची संध्याकाळ आठवली. सल्लागार निवडायला फ्लोरानं तिघांना बोलावलं होतं. शेवटच्या बोटीतून थेक्ला आणि लिवेरिस उतरले होते, मेनेलाओस मिलोसहून त्याच्या छोट्या होडीतून आला होता. हिवाळ्यात गावातल्या खोल्या बंद, म्हणून तिघांची सोय फ्लोराकडेच. पाहुण्यांचं करायला अनेझाही मुक्कामाला आली होती. या स्वयंपाकघराची चौकट ठेंगणी. नवा माणूस त्यावर आपटायचाच. थेक्लाचं कपाळ शेकलं आणि ती खळखळून हसली होती. मेनेलाओस दोनदा येऊन गेलेला, तरी त्यानंही नेहमीप्रमाणे टक्कर घेतली आणि चौकटीला शिव्या घातल्या. लिवेरिस फोनवर बोलत बोलत आले होते.

काल रात्रीच्या जेवणाला फ्लोरानं लादेन्या, म्हणजे टोमॅटो-कांदा लावून भाजलेली बेटावरची जाड रोटी, केली होती. ताटं उचलल्यावर ती म्हणाली, "मला आकडे कळत नाहीत. एकच विचारते. तुमचा पगार कोण देतं?"

मेनेलाओस हसला. "वहिनी, तुमच्याकडून मी एक पैसा घेणार नाही! कंपनी देते मला."

"माझे पैसे त्यांच्याकडे नेलेस म्हणून?"

"तसं... म्हणजे... हो."

लिवेरिस म्हणाले, "मॅडम, फायदा झाला तरच मी घेतो. रक्कम माझ्या ऑफिसच्या खात्यात ठेवायची आणि तुम्ही निवांत झोपायचं."

थेक्ला म्हणाली होती, "तुम्हीच द्यायचा. ठरलेली फी. पैसे तुमच्याच नावावर, तुमच्याच बँकेत राहतील. मी हातही लावणार नाही. आणि तुम्ही चुकताय असं वाटलं तर तोंडावर सांगेन, त्याचीही फी लागेल."

फ्लोराला हसू फुटलं होतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. "हिला नेमते मी," ती तिथल्या तिथे म्हणाली.

आणि उठता उठता थेक्ला लिवेरिसना म्हणाली होती, "साहेब, तुमचा परवाना कुठल्या वर्षीचा? असू दे, सकाळी नियामक कार्यालय उघडलं की मीच एक फोन करते. या बाईंना तिघांचीही खरी माहिती मिळायला हवी."

३

"माझ्यावरच येणार ना सगळं!" मेनेलाओस घाम पुसत म्हणाला. "कमिशन बुडालं कुणाचं? माझं. मिलोसमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"पहाटे कुठे होतास?" अनेझानं विचारलं.

"झोपलो होतो."

"तुझे बूट चिखलानं भरलेत, मेनेलाओस."

तो खुर्चीत खचला. "होडी बघायला गेलो होतो. दोर तुटला असता तर? पण होडी हे निमित्त, बाई. कंपनीच्या साहेबांना फोन करायचा होता. नोकरीवरून काढू नका म्हणून हातापाया पडत होतो. साठीला आलेला माणूस, रडत होतो धक्क्यावर. हे तुमच्या वहिनीला सांगू नका."

"बाईला टाक्यात कुणी टाकलं असेल?"

"तेच कळत नाही! हिवाळी पावसाच्या या दिवसांत टाक्यात टाकायचं म्हणजे बुडवायचंच की! भरलेलं असतं ना टाकं? नशीब, कोरडं निघालं."

अनेझालाही तेच वाटलं होतं. दोन गल्ल्या पलीकडे राहून तिलाही ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरात फ्लोरा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अथेन्सला गेली असताना याकुमिसनं टाक्याला आतून गिलावा केला, आणि छपरावरचं पाणी टाक्यात आणणारी नळी काही अजून जोडली नाही; हे फ्लोरानं आज सकाळी सांगितलं तेव्हा कळलं.

लिवेरिस खिडकीपाशी उभे होते. कोट इस्त्रीचा, आवाज मऊ.

"मला दुःख आहे. पण स्पष्ट बोलू? त्या बाईंचा स्वभाव भांडकुदळ. गावात कुणाशी वाजलं असेल."

"एका दिवसात?"

"काही लोकांना तेवढा वेळ पुरतो. मी या बेटावर पहिल्यांदाच आलोय, मला इथलं काय माहीत? मी आपला वारा पडायची वाट बघतोय. फ्लोरा मॅडमचं काम तेवढं उरकून टाकू, म्हणजे त्यांच्या डोक्याचा ताप जाईल."

"तुमचं नाव वहिनींना कुणी सुचवलं?"

"त्यांच्या भाच्यानं. इंटरनेटवर सापडलो म्हणे मी त्याला; परवापर्यंत भेटही नव्हती."

हे बोलता बोलता फोन वाजला म्हणून ते कानाला लावून स्वयंपाकघराकडे निघाले. चौकटीपाशी न बघता मान खाली घातली आणि सफाईनं पलीकडे गेले.

अनेझा जागच्या जागी थांबली. परवाही तसंच झालं होतं. परवाही हा माणूस आपटला नव्हता.

याकुमिस मागच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. आई गेल्यावर, चार-पाच वर्षांचा असताना फ्लोरानं त्याला या घरात आणलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं.

"आत्या, मला काही माहीत नाही. मी झोपलो होतो."

"लिवेरिसना आधी कधी भेटला होतास?"

"नाही. फोनवरच."

"तुझ्या पलंगावर पांघरूण का नाही रे? एवढा गारठा आहे."

त्यानं पलंगाकडे पाहिलं, जणू आत्ताच लक्षात आलं. "मावशीनं धुवायला नेलं असेल."

या वाऱ्यात? कुठे वाळत घालायला?

अनेझा उठली. सकाळी थेक्लाला वर काढलं तेव्हा घोंगडी बॅगेबरोबर वर आली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. दवाखान्यात ती नव्हती. अंगणात नव्हती. चुलीपाशी, बोळात, कुठेच नव्हती.

थेक्लाच्या अंगावरची घोंगडी या घरातून नाहीशी झाली होती.

४

ती सापडली फ्लोराच्याच पेटीत, लग्नाच्या चादरींखाली. गिलाव्याची पांढरी धूळ अजून तिच्यावर होती.

"तुम्हीच विणलेली ना?" अनेझानं विचारलं.

फ्लोरा पेटीशेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ ती घोंगडीच्या दशा बोटांनी सरळ करत राहिली.

"याकुमिसला शाळेसाठी मिलोसला पाठवलं तेव्हा विणून दिली होती. रात्री रडायचा तो तिकडे." ती वर न बघता म्हणाली. "वन्सं, मी टाक्यात डोकावले आणि पहिली हीच दिसली. ती बाई नंतर दिसली. मेलेल्या माणसासारखी झाले मी. बोलावं तर पोर जातं, न बोलावं तर... ती बिचारी तिकडे मरायला टेकलीय."

"त्यानं एकट्यानं नाही केलं."

"कशावरून?"

"खाली चला. सगळ्यांसमोर सांगते. तुमची तयारी असेल तर."

फ्लोरा उठायला तयार नव्हती. भिंतीला हात टेकून कशीबशी उठली, आणि मग मात्र पुढे होऊन तीच जिना उतरली.

स्वयंपाकघरात चौघं बसले. वारा धुराड्यातून आत घुसत होता. अनेझा उभीच राहिली.

"रांजण एका माणसानं हलत नाही. सकाळी दोघांनी खांदा लावला तेव्हा हलला. म्हणजे हे काम दोघांचं. मेनेलाओस त्या दोघांत नाही."

"देवा, तुझे उपकार," मेनेलाओस पुटपुटला.

"टाक्यात बाई आहे म्हटल्यावर तू लाइफ जॅकेट आणायला पळालास. तुझ्या लेखी टाकं भरलेलं होतं. माझ्याही लेखी. गावात कुणीही तेच समजलं असतं. पण लिवेरिस साहेब, झाकण अजून बंद होतं आणि तुम्ही शिडी मागत होतात. भरल्या टाक्यात शिडी काय कामाची?"

"सहज तोंडातून गेलं."

"जाऊ शकतं. पण मग ही चौकट. या घरात पहिल्यांदा आलेला प्रत्येक माणूस हिच्यावर आपटतो. तुम्ही परवा पहिल्या पावलाला वाकलात, आज फोनवर बोलताना वाकलात. ही सवय एका दिवसात लागत नाही. मेनेलाओसला तर अजून लागलेली नाही. वहिनी ऑक्टोबरात अथेन्सला होत्या, घराची किल्ली याकुमिसकडे होती. तेव्हा तुम्ही इथे राहून गेलात. टाकं कोरडं करताना तुम्ही पाहिलंत."

लिवेरिस शांतपणे हसले. "याला पुरावा म्हणतात? एक शिडी आणि एक दार?"

"नाही," अनेझा म्हणाली. "पण तुम्ही आणि याकुमिस, दोघंही मला सांगता की आधी भेटला नव्हतात. एकच खोटं दोघांनी मिळून सांगितलं."

लिवेरिस उठले. "मॅडम, मी असले अपमान ऐकून घ्यायला आलो नाही. मी निघतो."

"कुठे?" फ्लोरानं विचारलं.

या एका शब्दानं ते थांबले. बाहेर समुद्र धक्क्यावरून उसळत होता.

फ्लोरानं मांडीवरची घोंगडी टेबलावर ठेवली, याकुमिसच्या समोर.

"ती जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं?"

याकुमिसनं नजर घोंगडीवरून वळवली. "मावशी..."

"ठाऊक होतं का?"

"श्वास चालू होता," तो म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "म्हणून तर पांघरलं. मी तिला हात लावला नव्हता, मावशी. आवाज झाला म्हणून बाहेर आलो तर ती पायऱ्यांखाली पडलेली. तिला रात्रीच कुणा मैत्रिणीनं कळवलं होतं, याच्या नावाचा परवानाच नाही. हा तिला वाटा देतो म्हणत होता, ती ऐकेना. यानं फोन हिसकावला, त्यात ती गडगडली. हा म्हणाला, मावशीची सही होईपर्यंत तिला खाली ठेवू. बोट सुटली की तू ओरड, आवाज ऐकला म्हण, काढतील तिला. मी दोरानं अलगद सोडली, खरंच अलगद सोडली..."

"तोंड बंद कर, मूर्खा," लिवेरिस म्हणाले. मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"आणि तुला काय मिळणार होतं?" फ्लोरानं विचारलं.

"इथून सुटका," याकुमिस म्हणाला. "नाक्सोसला स्वतःचं हॉटेल काढून देणार होता. मावशी, तू जिवंत असेपर्यंत मला हे बेट सोडता येणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू कधी म्हणाली नाहीस. पण माहीत आहे."

फ्लोरानं डोक्यावरच्या रुमालाचा काठ तोंडावर धरला. मग ती उठली आणि तिनं दवाखान्यात फोन लावून विचारलं, बाई कशी आहे. तशीच आहे, असं उत्तर आलं.

अनेझानं मिलोसच्या पोलिसांना कळवलं. पण पोलिसांनाही वाऱ्याचीच वाट बघायची होती. लिवेरिस बॅग घेऊन बंदरावर गेले, बंद तिकीटखिडकीच्या आडोशाला उभे राहिले. गावात बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती; एकाही घराचं दार उघडलं नाही. अंधार पडायच्या आत ते चिंब भिजून परत आले. मेनेलाओस दाराशी काठी घेऊन बसला. फ्लोरानं लिवेरिससमोर डाळीच्या सूपची वाटी ठेवली, पण एक शब्द काढला नाही. वारा पडेपर्यंत त्या घरात गुन्हेगार, साक्षीदार आणि जिचं घर होतं ती, सगळे एकाच चुलीच्या उबेला बसून राहिले. एकमेकांच्या नजरा चुकवायलाही जागा नव्हती. आपल्या साऱ्या नोकरीत अनेझानं इतकी अवघड कोठडी पाहिली नव्हती.

५

वारा पडला. आधी हेलिकॉप्टर आलं, मग लिवेरिस आणि याकुमिसला न्यायला पोलीस. याकुमिस होडीत चढताना मागे वळून पाहत होता. फ्लोरा धक्क्यावर आली होती, पण हात हलवायला तिला जमलं नाही.

थेक्ला वाचली. इस्टरच्या थोडं आधी फ्लोरा अनेझाला घेऊन अथेन्सच्या इस्पितळात तिला भेटायला गेली. थेक्ला कुबड्या घेऊन खिडकीशी बसली होती. केस एका बाजूनं कापलेले, चेहरा निम्मा झालेला, डोळे मात्र तेच.

"फ्लोराबाई, तुम्ही मला नेमायला आला असाल तर थांबा," ती म्हणाली. "मी तुमच्या टाक्यात पडले, ही काही माझी लायकी नव्हे. दयेनं सल्लागार निवडू नये. आणखी दोघांना भेटा, मग ठरवा."

"भेटले," फ्लोरा म्हणाली. "वन्संनी दोघं शोधून दिले. परवाना बघून. चांगले आहेत."

"मग?"

फ्लोरानं हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. अनेझाला ठाऊक होतं ती काय विचारणार आहे. बोटीत ती रात्रभर तेच घोकत आली होती.

"दोघांना एकच विचारलं. माझा भाचा तुरुंगात आहे. त्याला चांगला वकील द्यायचा तर जमिनीच्या पैशातला मोठा वाटा जाईल. देऊ की नको? एक म्हणाला द्या, तो तुमचाच आहे. दुसरा म्हणाला देऊ नका, बुडीत आहे. दोघांनीही लगेच सांगितलं. तुला विचारते. काय करू?"

थेक्लाचा हात आपोआप खुब्याकडे गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. तिनं खिडकी लावून घेतली.

"त्या टाक्यात मला मधेच शुद्ध आली होती," ती हळूच म्हणाली. "वर झाकण होतं. मी हाक मारली, वाऱ्यात कुणाला ऐकू गेली नाही. अजून झोपेत हाक मारते. तुमच्या भाच्यानं कुजावं असं मला वाटतं. कधीकधी ती घोंगडी आठवते आणि तसं वाटत नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं नाही, फ्लोराबाई. यात मी गुंतलेली आहे. हो म्हणाले काय, नाही म्हणाले काय, ते तुमच्या भल्याचं नसेल, माझं असेल. हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

"विचारणार नाही," फ्लोरा म्हणाली. "वकील मी देणार. तो माझा निर्णय, माझा मीच घेतला. तू तुझी फी सांग."

थेक्ला तिच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला रागही आला असावा.

"वकिलाला पैसे देताना सगळे आगाऊ देऊ नका," ती नाक पुसत म्हणाली. "आणि ती खुर्ची जरा जवळ ओढा. मला मोठ्यानं बोलवत नाही अजून."